'म्हणे' आणि 'टोचणे' : प्लेगच्या लशीविषयीची लोकशंका (१८९६–१९०७)

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागातील ग्रंथिक ज्वराचे रोगी डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले, आणि तेथून पुढे दोन-अडीच दशके या देशावर प्लेगचे सावट राहिले. एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली. या साथीचा राजकीय इतिहास आपल्याकडे चांगलाच परिचित आहे. रँडचा वध, चाफेकर बंधूंना झालेली फाशी, लोकमान्य टिळकांवरील १८९७ चा राजद्रोहाचा खटला, यांवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने त्याच साथीत आणि त्याच मुंबई शहरात तयार झालेल्या प्रतिबंधक लशीचे लोकांनी कसे स्वागत केले, किंवा केले नाही, हा प्रश्न उपेक्षित राहिला. जेथे तो निघतो तेथे दोहोंपैकी एका ठरीव उत्तराने त्याची बोळवण होते. लोक अडाणी होते म्हणून सुईला भ्याले, हे एक उत्तर. लोक स्वाभिमानी होते म्हणून त्यांनी परकीय सुईचा धिक्कार केला, हे दुसरे. पहिले उत्तर त्या वेळच्या अधिकाऱ्यांचे, दुसरे बहुधा नंतरच्या चरित्रकारांचे.

ही दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसत असली तरी त्यांचा आधार एकच आहे. सरकारी अहवालांत इंग्रजीतून नोंदलेल्या अफवा हा तो आधार होय. 'लोक असे मानतात', 'एतद्देशीयांची अशी समजूत आहे' अशा धर्तीच्या वाक्यांनी या नोंदी सुरू होतात. त्या वाक्यांच्या मागे कोणती मराठी वाक्ये असावीत, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना त्यांतले काय गळून पडले असावे, याचा विचार इतिहासकारांनी सहसा केलेला नाही. इतिहासाच्या प्रांतात भाषाभ्यासकाने पाऊल टाकावे ते अशा ठिकाणी, एवढीच प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

प्रथम प्लेगच्या पूर्वीची शब्दस्थिती पाहिली पाहिजे. देवीच्या रोगावरील गोस्तन-लस हिंदुस्थानात आली ती मुंबईसच. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जिवंत ठेवीत आणली गेली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वी रीतीने दिली गेली. या कृतीला मराठीत जो शब्दप्रयोग रूढ झाला तो मोठा सूचक आहे : 'देवी काढणे'. रोग आणि रोगाची अधिष्ठात्री यांना मराठीत एकच नाव आहे, आणि ते अनेकवचनी चालते. मुलाला 'देवी आल्या' असे आपण म्हणतो. त्याच न्यायाने त्याच्या 'देवी काढल्या'. यातले 'काढणे' हे क्रियापद नीट पाहावे. आडातून पाणी काढतात, उंबऱ्यापुढे रांगोळी काढतात, सावकाराकडून कर्ज काढतात. जे आत आहे किंवा अद्याप दृश्य नाही ते बाहेर आणणे, हा त्याचा मूलार्थ. म्हणजे देवी काढणाराने मुलाच्या अंगात बाहेरचे काही घातले असे ही भाषा मुळी म्हणतच नाही; जी एक ना एक दिवस यावयाचीच, तिला दंडावर, दोन-चार फोडांपुरती, आपल्या सोयीने बोलावून घेतले, असे ती म्हणते. विरोधाची निम्मी धार या एका क्रियापदाने बोथट केली असावी.

निम्मी म्हणावयाचे कारण असे की, विरोध नव्हता असे नाही. दंडावरून दंडावर लस नेण्याच्या पद्धतीत कोणाच्या मुलाच्या अंगातला द्रव कोणाच्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न जातिबद्ध समाजात साधा नव्हता. शिवाय ज्या मुलाच्या देवी चांगल्या उठल्या त्याला पुढच्या मुलांसाठी लस पुरविण्यास नेले जाई, हे कोणत्याही आईला रुचणारे नव्हते. १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांच्या देवी काढणे कायद्याने सक्तीचे झाले. १८८० चा अखिल हिंदुस्थानचा कायदा ठराविक नगरपालिका व छावण्या यांच्यापुरता होता. त्याने तेथे सक्तीची तरतूद केली, आणि जुन्या देशी पद्धतीने प्रत्यक्ष देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव टोचण्यास बंदी घालण्याचा अधिकारही दिला.

येथे इंग्रजी शब्दांचा एक घोटाळा ध्यानात घेण्याजोगा आहे. या जुन्या, आता निषिद्ध ठरलेल्या पद्धतीला इंग्रजीत 'इनॉक्युलेशन' म्हणत, आणि गोस्तनाच्या सरकारमान्य पद्धतीला 'व्हॅक्सिनेशन'. 'व्हॅक्सिनेशन' या शब्दात गाईचा वाचक असलेला लॅटिन शब्द असल्याने काटेकोर लिहिणारे इंग्रज तो केवळ गोस्तनापुरताच राखून ठेवीत. त्यामुळे १८९७ साली हाफकिन यांची प्लेगची लस निघाली तेव्हा तिला नाव मिळाले ते 'इनॉक्युलेशन'चे. ज्या नावाची कृती कायद्याने बंद करावयाची म्हणून सतरा वर्षांपूर्वी ठरले होते, त्याच नावाची कृती करून घ्या म्हणून आता सरकार आर्जव करू लागले. इंग्रजी जाणणाऱ्या सुशिक्षितांपुरताच हा घोटाळा असला, तरी साथीच्या काळात लोकमत घडविणारा वर्ग नेमका तोच होता, हे विसरता येत नाही. हिंदीत आणि बंगालीत दोन्ही कृतींना 'टीका' हा एकच जुना शब्द पुरला. मराठीत 'टीका' म्हणजे दोषदर्शन किंवा भाष्य. तो शब्द आपल्याला घेता आला नाही, आणि आपल्याकडच्या नव्या कृतीला नाव शोधावे लागले.

ते नाव 'लस टोचणे' हे होय. आता 'लस' या शब्दाचा जुना अर्थ पाहा. जखमेतून अथवा फोडातून जो पातळ चिकट द्रव पाझरतो ती लस. गोस्तनाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा होता. मुलाच्या दंडावरील फोडातली लसच पुढच्या मुलाला दिली जात असे. पण हाफकिन यांच्या बाटलीत कोणाच्याही फोडातला द्रव नव्हता. प्लेगचे जंतू त्यांनी मांसाच्या सूपात वाढविले. सूपाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबू लागतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. या जटा हलवून पाडावयाच्या, पुन्हा वाढू द्यावयाच्या, आणि असे काही आठवडे झाल्यावर सारा द्रव तापवून जंतू मारून टाकावयाचे, ही त्यांची रीत. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही भावना सांभाळण्यासाठी गाय आणि डुक्कर टाळून बोकडाचे मांस घेण्याची दक्षताही त्यांनी घेतली होती. एका परदेशी शास्त्रज्ञाने एवढा विचार केला ही गोष्ट उल्लेखनीय आहे. शाकाहारी कुटुंबांचा प्रश्न मात्र तिने सुटत नव्हता. परंतु भाषेच्या दृष्टीने अडचण निराळीच होती. 'प्लेगची लस' हे शब्द १८९७ साली मांडवीतल्या अथवा शनिवार पेठेतल्या माणसाच्या कानावर पडले, तर त्यांचा सरळ अर्थ 'प्लेगच्या गाठीतून निघालेला द्रव' एवढाच होता. ज्या अर्थाने आज आपण लस म्हणतो तो अर्थ तेव्हा जन्माला यावयाचा होता. या शब्दाने दचकलेल्या माणसाला अज्ञानी म्हणण्यापूर्वी त्याला मराठी येत होते एवढे तरी मान्य करावे लागेल.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले ज्यू गृहस्थ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून १८९३ मध्ये ते पटकीच्या लशीचे प्रयोग करण्यासाठी हिंदुस्थानात आले. प्लेग सुरू झाल्यावर सरकारने त्यांना मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, आपण होऊन पुढे आलेल्या कैद्यांवर, तिची पहिली परीक्षा झाली. पुढे १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस देऊन आणि निम्म्यांना न देता, दोहोंतील फरक मोजण्यात आला. फळ लशीच्या बाजूने इतके स्पष्ट होते की शंकेला फारशी जागा उरली नाही. प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग कमिशनने लशीच्या मात्रेतील अनियमितपणावर बोट ठेवले, तथापि तिने रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते हे मान्य केले.

म्हणजे लस खरी होती. हे आधी निर्विवाद मांडून ठेवलेले बरे. कारण लोकशंकेची बाजू समजून घेऊ लागले की लेखक लशीच्याच विरुद्ध आहे असा ग्रह होण्याचा संभव असतो. ती खरी होती, आणि ती न घेतल्यामुळे माणसे मेली. कामगार चळवळीचे प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगनेच गेले. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. लस तेव्हा जेमतेम एक-दोन महिन्यांची होती. ती त्यांच्यापर्यंत पोचणे शक्यच नव्हते. परंतु त्यानंतरच्या वर्षांत ज्यांच्या दाराशी ती आली आणि ज्यांनी दार लावून घेतले, त्यांची संख्या लाखांत मोजावी लागेल.

दार लावून घेण्याची सवय मात्र लशीमुळे लागलेली नव्हती. ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी-कामगारांनी चाल केली होती. लस तेव्हा अस्तित्वातही नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला, आणि घरात शिरण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मार्चपासून पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरझडती घेऊ लागल्या. स्त्रियांच्या काखा आणि जांघा तपासणे, देवघरात बुटांनी जाणे, या गोष्टींनी शहर हादरले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली त्यामागे लस नव्हती, झडती होती. पण सामान्य माणसाला झडती, छावणी, रुग्णालय आणि सुई ही चार वेगळी खाती आहेत असे दिसत नव्हते, आणि दिसण्याचे काही कारणही नव्हते, कारण ती चारही एकाच दारातून येत.

शिवाय लस घेतल्यावर एक-दोन दिवस चांगलाच ताप येई व हात सुजे. रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पण त्याहून मोठा धोका असा की, ज्या शहरात ताप आणि सूज हीच पकडून नेण्याची लक्षणे ठरली होती, त्या शहरात सरकारी सुईने तोच ताप आणि तीच सूज येत होती. लस घेऊन घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी झडतीवाल्यांनी गाठले तर तो कोणत्या सदरात पडेल, हा प्रश्न मूर्खपणाचा खासच नव्हे.

आता अफवांकडे वळू. मुंबईत आणि अन्यत्र नोंदल्या गेलेल्या अफवांचे सर्वसाधारण स्वरूप असे आहे. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले, त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागविली आहेत. सुई हातभर लांब असते. ती टोचताच माणूस मरतो. किंवा सहा महिने जगून मरतो. पुरुषांचे पौरुष जाते आणि बायका वांझ होतात. सुईविषयीच्या यांतल्या कित्येक पंजाबातल्या सरकारी कागदांतून आल्या आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण त्या सरसकट मुंबईच्या नावावर घालण्याची चूक वारंवार होते. मोमियाई हा शब्द फारसी. मेणासारखा एक खनिज पदार्थ असा त्याचा मूलार्थ, आणि इजिप्तमधील जतन केलेल्या प्रेतांचे युरोपीय नाव त्याच शब्दाचे नातेवाईक आहे. माणसाच्या शरीरातून काढलेले औषध, ही कल्पना प्लेगच्या कितीतरी आधीपासून लोकांत होती. साथीने ती नवी निर्माण केली नाही. तिला फक्त पत्ता दिला.

या साऱ्या अफवा इंग्रजीत 'लोक असे मानतात' या मुख्य वाक्याला जोडून येतात. मराठी माणूस मात्र असली गोष्ट सांगताना 'मी असे मानतो' असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'सुई हातभर लांब असते म्हणे.' हा वाक्यान्तीचा 'म्हणे' व्याकरणदृष्ट्या मोठा मौजेचा शब्द आहे. 'म्हणणे' या धातूच्या रीतिभूतकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनाशी तो रूपाने जुळतो. पण आता त्याला कर्ता नाही, वचन नाही, काळही नाही. 'ते म्हणे', 'त्या म्हणे' अशा वाक्यांतही तो बदलत नाही. तो क्रियापद राहिलेला नसून ऐकीवपणाची खूण झाला आहे. 'म्हणे' लावून बोललेल्या वाक्याची जबाबदारी बोलणारा घेत नाही. ते खरे असे तो सांगत नाही आणि खोटे असेही सांगत नाही. पुष्कळदा त्यात किंचित उपरोधही असतो. आणि मुख्य म्हणजे, 'म्हणे'ने संपणारे वाक्य ऐकणाराला बोलावते : तुम्ही काय ऐकलेत? तुम्हांला काय वाटते?

हे वाक्य दुभाष्याच्या हाती पडते तेव्हा काय होते? इंग्रजीत ऐकीवपणा दाखविण्यास निराळे वाक्यांश लागतात, आणि अहवालाच्या घाईत ते सुचतातच असे नाही. 'म्हणे'च्या जागी 'मानतात' येते. चाचपणी ही श्रद्धा होऊन बसते. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी सारांश मुंबई सरकार करवून घेत असे; तेथेही संपादकाने 'असे बोलले जाते, त्याचा सरकारने खुलासा करावा' अशा हेतूने लिहिलेले वाक्य सारांशात त्याच्याच मताच्या रूपाने उतरण्याचा संभव होता. साथीतल्या मराठी माणसाने प्रश्न विचारला, आणि कागदोपत्री त्याचे उत्तर म्हणून नोंदले गेले, असे मी म्हणेन. हे अनुमान आहे. प्रत्येक नोंदीमागचे मूळ वाक्य आपल्या हाती नाही. तथापि मराठी बोलणाराने असल्या बातम्या 'म्हणे'वाचून सांगितल्या असतील हे संभवतच नाही, एवढे या भाषेचा अभ्यासक खात्रीने सांगू शकेल. पंजाबी वा गुजराती नोंदींविषयी त्या त्या भाषेच्या जाणकारांनी बोलावे.

ऐकीव आणि साक्ष यांतली ही सीमारेषा किती निसरडी होती याचा पुरावा अफवा पसरविणाऱ्या अडाणी जनतेपुरता मर्यादित नाही. १८९७ च्या उन्हाळ्यात ना. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे त्यांना येत. त्या पत्रांच्या आधारावर, सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले असा आरोप त्यांनी तेथील एका प्रमुख वृत्तपत्रातून केला. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी लिहिले होते ते नावानिशी पुढे येण्यास तयार झाले नाहीत; त्यांपैकी कित्येकांनी स्वतः ते ऐकलेलेच होते. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि तिचा डाग त्यांच्या नावावर वर्षानुवर्षे राहिला. झडतीच्या काळात काहीच अनुचित घडले नाही असे यावरून ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी, प्लेगच्या रुग्णालयातील एका मुलीच्या हालांविषयी, स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात लिहिले होते. परंतु गोखल्यांसारख्या कमालीच्या सावध आणि सत्यप्रिय माणसाच्या हातूनही मराठी पत्रातला 'म्हणे' इंग्रजी निवेदनात गळून पडला. मग एखाद्या चाळीतल्या माणसाच्या तोंडचा 'म्हणे' पोलिस कचेरीपर्यंत टिकावा ही अपेक्षा कशी करावी?

'टोचणे' या क्रियापदाचीही एक कथा आहे. 'काढणे'च्या जागी ते आले आणि कृतीचे सारे चित्र पालटले. टोचते ते बाहेरून येते. काटा टोचतो, गवताचे कुसळ टोचते, आणि मनाला अपराधाची टोचणी लागते. तथापि याच क्रियापदाचा एक मंगल उपयोगही मराठीत आहे : कान टोचणे. तो एक संस्कार. मुलाच्या कानाला सुई लावली जाते, मूल रडते, आणि घरचे साखर वाटतात. त्या कृतीला कोणी अत्याचार म्हणत नाही. कारण सुई कोणाच्या हाती आहे हे ठरलेले असते. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आपण उपदेशाच्या संदर्भात वापरतो, पण तिचा वाच्यार्थ विसरता कामा नये : टोचणाराचा अधिकार ओळखीचा आणि मानलेला असावा लागतो.

जेथे असा सोनार मिळाला तेथे प्लेगची लसही टोचली गेली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी मुंबईत आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, आणि त्या समाजात लस मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. आगाखान त्या वेळी विशीचेही नव्हते. धारवाड जिल्ह्यातील हुबळीस १८९८ मध्ये डॉ. लॉयमान यांच्या खटपटीने हजारो लोकांनी लस घेतली. हे सारे लोक मुंबई शहराच्या मानाने अधिक शिकलेले होते असे कोणी म्हणणार नाही. ज्याने लस घेतली त्याला दाखला मिळे, आणि त्या दाखल्याच्या बळावर छावणीतून व अलगीकरणातून सूट मिळे, ही सवलतही उपयोगी पडली. या सवलतीत एक विचित्र विरोधाभास होता. सरकारने आधी एक भय निर्माण केले आणि मग त्या भयातून सुटण्याचे तिकीट म्हणून लस पुढे केली. तिकिटासाठी घेतलेल्या लशीवर श्रद्धा बसली असे मात्र म्हणता येणार नाही. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत मदनपुऱ्यातील विणकरांचा दंगा झाला, त्यानंतर सक्तीचे धोरण हळूहळू सैल करण्यात आले, आणि लस ऐच्छिकच राहिली. या ऐच्छिकतेचे श्रेय सरकारच्या उदारतेपेक्षा दंग्यांकडे अधिक जाते, असे माझे मत आहे.

आणि मग मलकोवाल घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व मेले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. ५३-एन हा तिचा क्रमांक. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. ही लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत तयार झाली होती. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने असा निष्कर्ष काढला की, बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली असावी. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. चौकशीची कागदपत्रे बऱ्याच विलंबाने प्रसिद्ध झाली. ती प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस यांनी प्रश्न हाती घेतला. त्या सकाळी गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याने बूच काढले, ही गोष्ट पुराव्यातच होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे सर्वश्रुत आहे. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि अन्य नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. ते हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये.

हाफकिन यांच्यावरील अन्यायाची ही कथा शास्त्राच्या इतिहासात पुष्कळांनी सांगितली आहे, आणि सांगण्याजोगी आहेच. परंतु तिच्या नादात १९ माणसे मागे पडतात. आजवर जे 'टोचल्यावर माणूस मरतो म्हणे' होते, त्यातला 'म्हणे' मलकोवालने काढून घेतला. अफवेला भूतकाळाचे क्रियापद मिळाले, गावाचे नाव मिळाले, संख्या मिळाली. पंजाबातील लशीची मोठी मोहीम त्या धक्क्याने कोसळली, आणि पुढची काही वर्षे प्लेगने सर्वांत भयंकर संहार केला तो पंजाबातच. लोकांनी येथे अफवेवर विश्वास ठेवला असे म्हणता येत नाही. त्यांनी घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि तिचा अर्थ त्यांना वेळेवर सांगण्यास कोणी नव्हते. चिमट्याची हकीगत इंग्लंडातील वर्तमानपत्रात आली. ती पंजाबातील खेड्यांत कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून पोचावयाची होती, याची व्यवस्था झाली नाही. जेंकिन्स समितीचा निष्कर्षही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गावातील सहायकाच्या चुकीपेक्षा प्रयोगशाळेच्या प्रमुखाची चूक मानणे प्रशासनाला सोयीचे होते काय, याची चर्चा झाली आहे. पण प्रयोगशाळाच दूषित ठरविल्याने तेथून निघालेल्या प्रत्येक बाटलीवर संशयाचा शिक्का बसला, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

पुढे क्रियापद पुन्हा बदलले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'टोचणे'च चालू राहिले. सांसर्गिक रोगांविषयीच्या सरकारी पत्रकांतून 'लस टोचून घ्यावी' अशी आज्ञार्थी भाषा दिसते. तिच्याबरोबर 'इंजेक्शन देणे' आणि 'घेणे' आले. 'लसीकरण' हा संस्कृत वळणाचा शब्द कचेरीत तयार झाला आणि कचेरीतच अधिक रमला. २०२१ साली कोविडच्या साथीत महाराष्ट्रात जो प्रश्न घरोघर ऐकू येत होता तो 'लस घेतली का?' असा होता. औषध घेतात, प्रसाद घेतात, तशी लस घेतात. कर्ता टोचणारा राहिला नाही, घेणारा झाला. त्याही वेळी 'घेतल्यावर असे होते म्हणे' हे वाक्य होतेच, आणि त्याची नोंद पुन्हा एकदा अभ्यासकांनी इंग्रजीतल्या 'मानतात' या क्रियापदाने केली.

या विषयाचे पुढील काम मूळ मराठी मजकूर शोधण्याचे आहे. 'केसरी', 'ज्ञानप्रकाश', 'सुधारक', 'दीनबंधु' या पत्रांचे १८९६ ते १९०३ या काळातील अंक आणि त्यांवरचे साप्ताहिक सरकारी सारांश शेजारी ठेवून वाक्यागणिक ताडून पाहिले पाहिजेत. कोठे 'म्हणे', 'म्हणतात', 'असे ऐकतो', 'अशी वदंता आहे' या खुणा आहेत आणि सारांशात त्यांचे काय झाले, याची मोजदाद एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातली आहे. 'अशी वदंता आहे' ही सुशिक्षितांची खूण आणि 'म्हणे' ही बोलीतली, या दोहोंत दुभाष्याने भेद केला की नाही, हेही तेथेच पाहता येईल.